आधी पाणी

अमेरिकेतल्या आयसेलिन गावातली मराठी मंडळी मनोहर पिसे यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे पाटीउतारे. नाव काही अगदीच खोटं नव्हतं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकच नोकरी केली: एका मोठ्या सँडविच कंपनीच्या दुकानांची तपासणी. न्यू जर्सीतल्या कुठल्याही गावी हा माणूस साध्या गिऱ्हाइकासारखा दुकानात शिरायचा, कोपऱ्यात उभा राहून पावापासून बाथरूमपर्यंत सगळं बघायचा, आणि बजावूनही जो सुधारला नाही त्याच्या दुकानावरची कंपनीची पाटी उतरवायला लावायचा. पाटी गेली की दुकान गेलंच म्हणून समजा. मंडळाच्या गणपतीत डॉक्टर-इंजिनिअर लोक पंगतीत हळूच विचारायचे, "काका, आमची जिलबी पास की फेल?" मनोहरराव हसायचे, पण जिलबीकडे खरोखरच बारकाईनं बघायचे.

त्यांची कामाची रीत ठरलेली होती. कारण ऐकायचं नाही, दार बघायचं. दुकान वेळेवर उघडलं की नाही, एवढंच विचारायचं. मालकाची सासू आजारी होती की गाडी बंद पडली, ते ज्याचं त्यानं बघावं. एकदा कारणं ऐकायला बसलं की एक पाटी धड राहणार नाही, असं ते म्हणत. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, तपासायला गेलेल्या दुकानात पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. भर जुलैत घसा कोरडा पडला तरी गाडीत येऊन स्वतःच्या बाटलीतलं कोमट पाणी प्यायचे. "ज्याच्या हातचं पाणी प्यालो, त्याच्या तोंडाकडे बघून निकाल द्यावा लागतो," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. उल्काकाकू म्हणायच्या, "बरं झालं लग्नाआधी आमच्या घरी पाणी प्यालात, नाहीतर मीही फेल झाले असते."

अशा माणसाच्या नोकरीबद्दल कौतुकानं विचारणारं घरात कुणी नव्हतं. मुलगी आश्लेषा तर शाळेत असताना मैत्रिणींना सांगायची, माझे बाबा फूड सायन्समध्ये आहेत. पुढे ती पब्लिक हेल्थ शिकली आणि न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या संस्थेत लागली. केनियातल्या कोरडवाहू खेड्यांत दवाखाने उभे करायचं त्यांचं काम होतं. एका रविवारी ती जेवताना म्हणाली, "बाबा, एक सांगा. तुमचं सँडविच ट्रेंटनला खा नाहीतर नेवार्कला, चव सेम कशी लागते? हाउ डू यू मॅनेज दॅट?"

मनोहररावांचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ते बोलायला लागले आणि आमटी गार होईपर्यंत बोलतच राहिले.

आश्लेषाच्या संस्थेची अडचण अशी होती. त्या खेड्यांतून शिकलेल्या नर्सबाया होत्या, हुशार होत्या, पण त्यांच्यामागे कुणी नव्हतं. बाजारात खोट्या गोळ्यांचा सुळसुळाट. तापानं फणफणलेलं पोर पाठीला बांधून आई चालत यायची, आणि मिळायची ती गोळी औषधाची की खडूची, हे तिला कळायला मार्ग नव्हता. मग संस्थेनं ठरवलं, सँडविचवाल्यांचंच तंत्र उचलायचं. दवाखाना नर्सच्या मालकीचा. संस्थेनं तिला पिवळी पाटी द्यायची, शिकवायचं, आणि एकाच कोठारातून खात्रीचं औषध पुरवायचं, तेही गरिबाला परवडेल अशा दरात. त्या बदल्यात नर्सनं नियम पाळायचे. नियम मोडले तर पाटी उतरणार, आणि पाटीबरोबर औषधंही बंद.

ते नियम मनोहररावांनी लिहिले, याच डायनिंग टेबलावर. पहिली ओळ लिहिताना त्यांना विचार करावाच लागला नाही, हात आपोआप चालला: जो कोणी दारात येईल त्याला आधी पाणी द्या, मग काय होतंय ते विचारा. दुसरी ओळ, दार रोज वेळेवर उघडा. पुढे स्वच्छतेचे, औषधांचे, दरांचे नियम. आणि शेवटची ओळ, यातलं काहीही आपल्या मनानं बदलू नका. संस्थेतल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी पहिली ओळ वाचून माना डोलावल्या. फार सुंदर, फार मानवी, म्हणाले. पाणी येणार कुठून, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मनोहररावांनाही नाही.

दवाखाने सुरू झाले, आणि निवृत्त झालेल्या मनोहररावांना पुन्हा काम मिळालं. प्रत्येक नर्सनं सकाळी दार उघडलं की पाटीसकट फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. तिकडे सकाळ व्हायची तेव्हा आयसेलिन झोपलेलं असायचं, त्यामुळे मनोहरराव उठून चहा घेऊन बसत तोवर सगळे फोटो येऊन पडलेले असत. आधी ते दोष काढायलाच बसायचे. पाटी तिरकी आहे, पायरी झाडलेली नाही. पण हळूहळू त्यांना काहीतरी व्हायला लागलं. हिरवं दार, वर पिवळी पाटी, मागे लाल माती. दुसऱ्या गावी तेच दार, तीच पाटी, मागे टेकडी. जन्मात न पाहिलेल्या त्या गावांत आपण या टेबलावर लिहिलेलं कुणीतरी रोज सकाळी खरं करतंय, या विचारानं त्यांचा ऊर भरून यायचा. सँडविचच्या दुकानाची पाटीही अशीच पत्र्याची असायची. पण ही पिवळी पाटी लांबून दिसली की कुणा आईच्या जिवात जीव येत असेल, आणि तिला ठाऊक असेल की आत खरं औषध आहे. चहा निवायचा आणि मनोहरराव फोटो बघतच बसायचे. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. पाटीउताऱ्याला असलं बोलणं शोभत नाही.

या सगळ्यात एकच दार त्यांना छळत होतं. म्वेंडे नावाच्या नर्सचं.

पावसाळा कोरडा गेल्यापासून तिचा फोटो रोज उशिरा यायचा. ऊन पायरीवरून पार भिंतीवर चढलेलं असायचं तेव्हा कुठे दार उघडायचं. मनोहररावांनी रिवाजाप्रमाणे वॉर्निंग पाठवली. मग दुसरी पाठवली, आणि तिच्याखाली लिहिलं, कारणं चालणार नाहीत. काही फरक पडला नाही. आता सोमवारी संस्थेची मीटिंग होती, आणि म्वेंडेच्या पाटीचा निकाल मनोहररावांच्या शब्दावर होता. तो शब्द त्यांनी ठरवून टाकला होता: उतरवा.

गंमत म्हणजे म्वेंडे स्वतः त्या आठवड्यात न्यूयॉर्कला आलेली होती. नर्सबायांच्या कुठल्याशा परिषदेत बोलायला संस्थेनंच तिला बोलावलं होतं. तिची नणंद कवाता, तीही नर्स, मागे दवाखाना बघत होती. आणि या अख्ख्या आठवड्यात फोटो कसे अगदी टायमावर!

"बघितलंस?" मनोहरराव आश्लेषाला फोनवर म्हणाले. "परीक्षा जवळ आली की पोरं पहाटे उठतात. म्हणजे जमत होतं, करायचं नव्हतं. शिवाय या आठवड्यात व्हरांड्यात ही अडगळ मांडून ठेवलीये. तेही मी नोट केलंय."

"बाबा, तिची पाटी गेली ना, तर मेडिसिन सप्लाय स्टॉप होतो. त्या गावाला नेक्स्ट हॉस्पिटल दिवसभराच्या वाटेवर आहे. लोक पेशंटला खाटेवर घालून नेतात."

"म्हणूनच दार वेळेवर उघडायला पाहिजे. दोन गावांवरून चालत आलेल्या बाईला बंद दार दिसलं, तर ती पुन्हा येईल का?"

बाबांचं बरोबरच होतं, हे आश्लेषालाही कळत होतं. ती एवढंच म्हणाली, "एकदा तिला मीट तर करा. प्लीज."

"निकालाआधी मी मालकाला भेटत नाही."

शेजारून उल्काकाकूंनी फोन ओढून घेतला. "आशू, शनिवारी तिला जेवायला घेऊन ये. एवढ्या लांबून आलेली पोर, हॉटेलात ब्रेड खात बसलीये. तुझ्या बाबांना नसेल भेटायचं तर बसू देत बेसमेंटमध्ये. ताट खाली पाठवते मी."

बेसमेंटमध्ये बसायचं मनोहररावांच्या मनात खरंच येऊन गेलं. पण शनिवारी सकाळी बेल वाजली तेव्हा ते हॉलमध्येच होते, इस्त्रीचा शर्ट घालून, तपासणीला निघाल्यासारखे.

आश्लेषाच्या मागून म्वेंडे आत आली. चाळिशीची, सडपातळ, अंगात मोठ्या फुलाफुलांचा झगा आणि वर आश्लेषाचंच जॅकेट. दारातल्या चपला बघून ती आपले बूट काढायला वाकली. एवढ्यात उल्काकाकू स्वयंपाकघरातून आल्या. त्यांच्या हातात स्टीलचा ग्लास होता आणि बशीत गुळाचे खडे. सासूनं लावलेली सवय ती. दारात आलेल्याला आधी पाणी, नाव-गाव नंतर. इथे येऊन इतकी वर्षं झाली, तरी अ‍ॅमेझॉनचं पार्सल आणणाऱ्यालासुद्धा त्या सोडत नसत.

म्वेंडे एक बूट पायात आणि एक हातात अशी थबकली. तिनं ग्लासाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि हातातला बूट खाली टाकून दोन्ही हात तोंडावर घेतले. मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"म्हणजे ते इथलं आहे!" ती इंग्रजीत म्हणाली. "आम्ही किती वर्षं भांडतोय, ती पहिली ओळ लिहिली कुणी. चर्चमधले म्हणतात, बायबल वाचणारा कुणीतरी असणार. आमचे मास्तर म्हणतात, कुणी मोठा डॉक्टर. माझी सासू म्हणते, छे, हे एखाद्या घरातल्या बाईनंच लिहिलंय. डॉक्टर आधी पाणी देत नाही, आधी पैसे मागतो."

"मी लिहिलं," मनोहरराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना हवा होता तितका कडक निघाला नाही. मग ते म्हणाले, "म्हणजे ते माझ्या आईचं आहे."

"मग सासू बरोबर," म्वेंडे म्हणाली, आणि ग्लास दोन्ही हातांनी घेऊन ती पाणी प्यायली.

टेबलावर भरली वांगी, भाकरी, मसालेभात असं सगळं मांडलं होतं. मनोहररावांनी ठरवलं होतं, कामाचा विषय काढायचा नाही. तरी त्यांची नजर सारखी तिच्याकडे जात होती. ही बाई आळशी वाटत नव्हती. आळशी माणूस त्यांना पावाच्या चुऱ्यावरून ओळखू यायचा. शेवटी जे उभ्या नोकरीत कधी विचारलं नाही ते त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"दार उशिरा का उघडतं?"

आश्लेषाचा चमचा खाली पडला.

"पाण्यामुळे," म्वेंडे सहज म्हणाली. जणू सगळ्यांना ठाऊकच आहे. "पाऊस झाला नाही. दवाखान्याची टाकी आटली. मी पहाटे नदीवर जाते, पण तिथे आधीच रांग असते. नंबर लागेपर्यंत ऊन वर येतं."

"मग दार आधी उघडायचं. पाणी नंतर आणायचं."

म्वेंडेनं त्यांच्याकडे असं बघितलं, जणू पुजाऱ्यानंच देवाला आंघोळ नको म्हटलं. "पण सर, पाण्याचा नियम पहिला आहे. वेळेचा दुसरा. आणि शेवटी लिहिलंय, आपल्या मनानं काही बदलू नका. मी काही बदललं नाही."

मनोहररावांच्या हाताखालून किती दुकानदार गेले, नियम मोडणारे, वाकवणारे, पळवाटा काढणारे. नियम जसा लिहिला तसा, एकाखाली एक, अक्षरशः पाळून फेल होणारं माणूस त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"मला कळवलं का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही लिहिलं होतं, कारणं चालणार नाहीत."

उल्काकाकूंनी उगाचच भाकरीचा तुकडा तिच्या पानात वाढला.

म्वेंडेला मनोहररावांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी कळलं असावं, कारण ती समजूत काढल्यासारखं बोलायला लागली. "तो नियम चांगला आहे, सर. सोडवत नाही. मुलाला पेला दिला की मला अर्धं दुखणं तिथेच कळतं. पितंय की तोंड फिरवतंय, प्यायलेलं पोटात राहतं की उलटून पडतं. ज्याला पिताच येत नाही त्याला मी थांबवून ठेवत नाही, सगळ्यांच्या आधी आत घेते. आणि मोठी माणसं पाणी प्यायला बसतात. उभं राहून खरं दुखणं कुणी सांगत नाही. एक बाई तीन वेळा पोटदुखी सांगून गोळी घेऊन गेली होती. चौथ्यांदा पाणी प्यायली, बसली, आणि मग तिनं अंगावरचे वळ दाखवले."

मनोहरराव ऐकत राहिले. आपण लिहिलेली ती एक साधी ओळ. पाहुण्याशी कसं वागावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. आणि तिकडे त्या ओळीनं दुखणी ओळखली, जीव वाचवले, मुक्या बायकांना बोलतं केलं. हे त्यांनी लिहिलंच नव्हतं. ओळ त्यांची होती, पण एवढी मोठी ती तिकडे जाऊन झाली होती.

"नदी कशी आहे तुमची?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाळूची. वर पाणी नसतंच. वाळूत खड्डा करायचा आणि वाट बघायची. तळाशी थोडं थोडं पाणी साचतं. ते वाटीनं उपसून कॅनमध्ये भरायचं."

"झिरा," मनोहरराव मराठीत म्हणाले.

त्यांचा हात ताटातच थांबला. गावाकडची, म्हसवडची माणगंगा नदी त्यांच्या डोळ्यांपुढे आली, उन्हाळ्यातली, नुसती पांढरी वाळू. झिऱ्यात कमरेपर्यंत वाकलेली आई. ती वाटीवाटीनं घागर भरायची, आणि वरच्या काठावर बसलेल्या मनोहरला दिसायची फक्त तिची पाठ. त्याच घागरीतलं पाणी ती दारात आलेल्या कुणालाही आधी द्यायची, पोस्टमनला, बांगडीवालीला, भांडायला आलेल्या भाऊबंदालासुद्धा. ते पाणी तिला कसं मिळत होतं हे त्यांनी रोज डोळ्यांनी बघितलं होतं. आणि इकडे नळ सोडला की पाणी, या सवयीत आईची ओळ तेवढी लक्षात राहिली, आईची पाठ विसरली. मनोहररावांना लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. आणि त्याहूनही मोठं नवल वाटलं, की जगाच्या त्या टोकाला कुणीतरी तसंच वाकून, तशाच वाटीनं, त्यांच्या आईचा शब्द पाळत होतं.

"मला दाखव," ते म्हणाले. "आत्ता फोन लागेल?"

तिकडे संध्याकाळ होत आली होती. म्वेंडेनं फोन लावला आणि आश्लेषानं तो लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला. पडद्यावर कवाता आली, गोल चेहऱ्याची, पांढऱ्या कोटातली. दोघी आपल्या भाषेत भराभरा बोलल्या. मग कवातानं फोन फिरवला. तेच हिरवं दार, तीच पिवळी पाटी, आणि तिच्याखालून आतबाहेर करणारी जिवंत माणसं. मनोहरराव खुर्चीत पुढे सरकले. मग व्हरांडा दिसला आणि म्वेंडे एकदम ओरडली.

"हे काय आहे? कुणाचं आहे हे सगळं?"

व्हरांड्यात भिंतीला लागून रांग होती. पिवळे कॅन, काळपट मडकी, झाकणाच्या बादल्या, तेलाचे जुने डबे, अगदी सरबताच्या बाटल्यासुद्धा. सगळी भांडी काठोकाठ भरलेली.

मनोहररावांनी ती रांग ओळखली. ही त्यांची 'अडगळ'. आठवडाभर प्रत्येक फोटोत ती होती, दाराच्या डाव्या अंगाला, रोज थोडी लांब होत गेलेली. ते दार बघत होते ना!

कवाता सांगत होती आणि म्वेंडे अडखळत त्यांना इंग्रजीत सांगत होती. "मी निघताना गावात सांगून आले होते, की दार उशिरा उघडतं म्हणून आता आपली पाटी जाईल बहुतेक. मी परत येईपर्यंत औषधं जपून वापरा, एवढंच म्हणाले. पण मी गेल्यावर माझी सासू घरोघर फिरली. म्हणाली, आपण रोज नदीवर जातोच. प्रत्येकीनं आपल्या भांड्यातलं एक वाटीभर पाणी दवाखान्याला द्यायचं. पहाटे, कवाता यायच्या आत. बायका..." तिनं हाताच्या पाठीनं डोळे पुसले. मग ती म्हणाली, "ज्यांच्या घरी स्वतःला पुरत नाही त्यासुद्धा. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, सर. मला कुणी सांगितलं नाही."

उल्काकाकूंनी पदर डोळ्याला लावला. आश्लेषा बाबांकडे बघत होती. मनोहरराव मात्र त्या रांगेवरून नजर काढायला तयार नव्हते. एका पत्र्याच्या पाटीसाठी अख्खं गाव वाटी वाटी पाणी सोडतंय. त्यांनी आयुष्यभर पाट्या सांभाळल्या होत्या, पण पाटी ही एवढी मोठी गोष्ट असते हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

तेवढ्यात पलीकडे गलबला झाला आणि फोन कुणीतरी दुसऱ्यानं हातात घेतला. डोक्याला फडकं बांधलेली एक म्हातारी अगदी जवळून आत डोकावली. तिच्या सुरकुत्यांनी सगळा पडदा भरून गेला.

"माझी सासू," म्वेंडे म्हणाली. "विचारतेय, हा कोण माणूस?"

"सांग, ज्यानं नियम लिहिले तो," आश्लेषा म्हणाली.

म्वेंडेनं सांगितलं. म्हातारीनं मनोहररावांना बारकाईनं न्याहाळलं, जसे ते दुकानं न्याहाळायचे तसं. मग मागे वळून बायकांवर काहीतरी डाफरली, फोन कुणाच्या तरी हातात कोंबला आणि रांगेकडे गेली. एका मडक्यावरचं झाकण काढून तिनं पेला बुडवला, आणि तो भरलेला पेला आणून थेट फोनसमोर धरला.

म्वेंडे रडता रडता हसत होती. "ती म्हणते, माणूस दवाखान्याच्या दारात येऊन उभा आहे आणि तुम्ही नुसत्या बडबडताय? आधी पाणी द्या त्याला."

पडद्यावर पेल्यातलं पाणी हलत होतं. मनोहररावांनी तपासणीच्या दुकानात कधी घोटभरही पाणी घेतलं नव्हतं. त्यांनी समोरचा स्टीलचा ग्लास दोन्ही हातांनी उचलला, फोनपाशी नेऊन त्या पेल्याला टेकवल्यासारखा केला, आणि एका दमात सगळा रिकामा केला. पाणी गळ्यातून खाली उतरताना त्यांना हुंदका आला. तो त्यांनी लपवला नाही.

म्हातारी शेवटच्या घोटापर्यंत बघत राहिली. ग्लास खाली आला तशी तिनं मान हलवली आणि दोनच शब्द विचारले.

"ती विचारतेय," म्वेंडे म्हणाली, "आता सांगा, काय होतंय?"

मनोहररावांना वाटलं, आईच दारात उभी राहून विचारतेय.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "उशीर झाला. म्वेंडेकडून नाही, माझ्याकडून. तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा आम्ही आधी पाटी दिली, नियम दिले. पाणी द्यायचं राहिलं. सोमवारी मी हेच सांगणार आहे. पाटी आहे तिथेच राहील. तिथली टाकी भरायची सोय आधी, बाकीचं नंतर. आणि पुढे कुठल्याही गावात पाटी लावायच्या आधी पाणी."

म्वेंडेनं सांगायला वेळ घेतला, मध्ये दोनदा थांबली. म्हातारीनं सगळं शांतपणे ऐकलं. मग पेल्यातलं पाणी वाया जाऊ नये म्हणून स्वतःच पिऊन टाकलं आणि काहीतरी बोलली. पलीकडच्या साऱ्या बायका खदखदून हसल्या.

"काय म्हणाल्या?" मनोहररावांनी विचारलं.

"म्हणते, कारण ऐकून घेतलं," म्वेंडे म्हणाली. "आता टाकी बघू."

उल्काकाकूंनी काही न विचारता त्यांचा ग्लास पुन्हा भरला.